लक्सॉरच्या पलीकडल्या काठावरचा 'खेड्यातला दिवस': भट्टीपाशी पाच तारे, वाटाड्याला अडीच

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांना आधी उत्तर देते. हो, ही सहल घ्या. पण सकाळची घ्या, ज्या घरी नेतात तिथे त्या दिवशी पावाची भट्टी पेटणार आहे का हे विचारूनच पैसे द्या, आणि वाटाड्या जे जे 'पाच हजार वर्षांपूर्वीचं' म्हणून दाखवेल त्यातलं निम्मं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्या.

कराडला माझं पोळी-भाकरीचं केंद्र आहे. त्यामुळे इजिप्तला जाताना देवळं, ममी, पिरॅमिड हे सगळं ठीकच, पण माझ्या डोक्यात एकच होतं: उन्हात फुगवलेला पाव. वरच्या इजिप्तमध्ये, म्हणजे नकाशात खाली, दक्षिणेला, बायका अजून घरी 'ऐश शम्सी' करतात असं ऐकलं होतं. आमच्या मोठ्या टूरमध्ये लक्सॉरला एक दिवस मोकळा होता. बाकीची मंडळी गरम हवेच्या फुग्यात बसायला गेली, आणि मी ह्यांना ओढत इकडे आणलं.

सहल हॉटेलच्या काउंटरवर ठरवली. माणशी तीस डॉलर, त्यात बोट, गाडी, इंग्रजी बोलणारा वाटाड्या आणि जेवण. थडग्यांची तिकिटं वेगळी. ठरवून देणाऱ्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण खाली थोडी तक्रार आहे, आणि तशीही ही सहल नाईलच्या पश्चिम काठावर बरेच जण करतात. थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच माल मिळतो.

बोटीतून गेझिरा गावाच्या धक्क्यावर उतरलं की पर्यटकांचं लक्सॉर मागे राहतं. पुढे कालवा, कालव्याच्या कडेने खजूर, आणि मग ऊस. जानेवारीत तोड चालू होती. उसाच्या फडातून अरुंद रुळांवरून उसाने भरलेले डबे ओढत नेणारी बुटकी आगगाडी बघून हे जे रमले ते रमलेच. आमच्याकडे बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर. कारखान्याची स्वतःची रेल्वे शेतातून जाते हे त्यांना झेपेना. वाटाड्याला मात्र त्यात काडीचा रस नव्हता. रेल्वे फॅरोची, म्हणजे इथल्या प्राचीन राजांची, नाही ना!

त्याला घाई होती ती 'शादूफ' दाखवायची. दोन खांबांवर आडवा लांब दांडा, एका टोकाला वाळलेल्या चिखलाचा गोळा, दुसऱ्या टोकाला बादली. ओढलं की बादली कालव्यात, सोडलं की गोळ्याच्या वजनाने आपोआप वर. यंत्र खरंच जुनं आहे. इथल्याच थडग्यांत, साधारण तेहेतीसशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर, बागेला पाणी देणारा माळी अगदी असाच उभा रंगवलेला आहे. पण आमच्यासमोरची बादली नवीकोरी होती, पाणी उपसून ओतायला पुढे पाटच नव्हता, आणि पन्नास पावलांवर डिझेलचा पंप धडधडत गव्हाला पाणी देत होता. बादली ओढून दाखवणाऱ्या गृहस्थांनी फोटोचे पैसे मागितले, ते दिले. त्यांचा राग नाही. राग येतो तो 'आमचे शेतकरी आजही असंच पाणी देतात' या वाक्याचा. पंप ऐकू येत होता हो!

मग घरांच्या भिंती. हजला जाऊन आलेल्या माणसाच्या घराबाहेर काबा, जहाज, उंट, विमान अशी चित्रं काढायची इथे पद्धत आहे. फार देखणी चित्रं, निळा रंग तर डोळ्यांत भरतो. वाटाडी म्हणाला, थडग्यांच्या चित्रांची परंपरा. असेलही भिंत रंगवायची हौस तिथूनच आलेली, मी कोण नाही म्हणणार? पण मुसलमानांच्या यात्रेचं, विमानासकट काढलेलं चित्र आहे ते. त्याला स्वतःचा मान आहे, त्याला रामसेस फॅरोचं शेपूट कशाला जोडायचं?

आणि तक्रार. ठरल्या यादीत नसलेलं एक दगडी वस्तूंचं दुकान मध्येच उपटलं. दारात चार जण हाताने दगड घासत बसलेले, आत कपाटंच्या कपाटं एकसारख्या दगडी मांजरांनी भरलेली. चहा पाजतात, सोडत नाहीत. जवळजवळ तास गेला, आणि तिकडे घरी पीठ फुगायला ठेवलेलं! ठरवतानाच 'दुकान नको' हे कागदावर लिहून घ्या. अडीच तारे आहेत ते यामुळे.

आता घर. इथून पुढे एकही वाईट शब्द नाही.

हाबू मंदिराच्या मागच्या बाजूच्या वस्तीत कच्च्या विटांचं घर, पुढे अंगण, अंगणात कोंबड्या, कोपऱ्यात मातीची घुमटासारखी भट्टी. घरच्या मालकीणबाईंना सगळे 'हज्जा', म्हणजे हज करून आलेली बाई, म्हणत होते, मीही तेच म्हणाले. वय माझ्याहून दहा-बारा वर्षांनी जास्त, मनगटं माझ्यापेक्षा भक्कम. माझे हात उलटेसुलटे करून बघितले, तळव्यावरचे चटके बघितले, आणि वाटाड्याला काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, 'म्हणतायत, ही काम करणारी आहे.' मग मला खुर्चीवरून उठवून परातीपाशी बसवलं. ह्यांना मात्र खुर्चीतच ठेवलं.

पीठ पहाटे मळलेलं. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि मागच्या खेपेचा राखून ठेवलेला आंबट गोळा. बाजारचं यीस्ट नाही. पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल, हात ओला असल्याशिवाय सुटणार नाही असं. भिंतीला टेकवून तबकड्यांची चळत उभी होती: माती आणि भुसा कालवून, थापून, वाळवलेल्या, साधारण ताटलीएवढ्या. एकेका तबकडीवर कोंडा भुरभुरायचा, पिठाचा उंडा ठेवायचा, ओल्या बोटांनी गोल चपटा करायचा आणि तबकडी उचलून अंगणात मांडायची. प्रत्येक पावाला स्वतःची तबकडी. बघता बघता अंगणभर पांढरे गोल झाले. कोंबड्यांना हाकलायला एक नातू काठी घेऊन बसवलेला होता.

खरं काम त्यानंतरचं. जानेवारीचं ऊन कोवळं, त्यामुळे फुगायला वेळ लागतो. उन्हाळ्यात काम पुष्कळ लवकर होतं म्हणे. भिंतीची सावली सरकत आली की हज्जांची सून तबकड्या पुढे सरकवायची. एकदाही कुणी घड्याळात बघितलं नाही. झालं की नाही हे बघायला बोट दाबत नाहीत, तबकडी किंचित हलवतात. वरचं पीठ थरथरलं पाहिजे. मला हे फार पटलं. बोट दाबलं की तेवढ्या जागेची हवा जाते, हे माझ्याकडच्या मुलींना सांगून सांगून मी थकलेय.

फुगलं की खजुराच्या पानाचा काटा घेऊन कडेने चीर द्यायची. या चिरेमुळे भट्टीत पाव वर फुटत नाही, कडेने सुटतो आणि त्याला कानासारखे कोपरे येतात. हज्जांचा काटा इतक्या झरझर फिरायचा की तिसऱ्या पावाला मला कळलं, त्या तबकडी फिरवतायत, हात जागच्या जागीच आहे. मग तबकडीवरून लाकडी फळीवर उलटा, आणि भट्टीत. जळण उसाचं पाचट आणि गोवऱ्या. पाचट भडकन पेटतं, लगेच विझतं, म्हणून ते घालणारी बाई वेगळीच असते आणि ती जाळावरून नजर काढत नाही. मी दोन पाव फळीवर घेतले. एक सरळ गेला. दुसरा दुमडला, तो घरातल्या पोरांनी गरमगरम तोडून खाल्ला.

वाटाडी बाजूला उभा राहून म्हणत होता, 'मदाम, फॅरोच्या काळी अगदी हाच पाव.' हाच नव्हे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांचा पाव मातीच्या जाड, घंटेसारख्या साच्यांत भाजत. गिझाला त्या साच्यांच्या खापऱ्या ढिगाने सापडल्या आहेत. म्हणजे खुद्द जुन्या इजिप्तमध्येच पाव करायची तऱ्हा बदलत गेली होती. आंबवण मात्र तेव्हाही होतं आणि ते बायकापुरुष पिठाला वेगवेगळे आकार द्यायचे. याचा पुरावा हज्जांच्या घरापासून जवळच, देर अल-मदीना या कारागिरांच्या जुन्या गावात निघाला. 1906 साली खा आणि त्याची बायको मेरित यांचं न उघडलेलं थडगं एका इटालियन तुकडीला सापडलं, त्यात दोघांसाठी ठेवलेले नाना आकारांचे पाव होते. सुमारे चौतीसशे वर्षांचे. आता ते इटलीत, ट्यूरिनच्या संग्रहालयात आहेत. वाटाड्याने हे सांगायला हवं होतं, मांजरांच्या दुकानात नेण्यापेक्षा.

आणि धान्य तर पारच बदललं. फॅरोंच्या इजिप्तचा मुख्य गहू म्हणजे एमर. तो ग्रीक-रोमन अमलात मागे पडला आणि दुसऱ्या गव्हाने जागा घेतली. एमर म्हणजे कोण? आपला खपली. साताऱ्या-सांगलीकडे, कोल्हापुराकडे अजून पिकतो, खिरीला आणि पुरणपोळीला आपण शोधून आणतो, तोच. मळणीत याचं टरफल सुटत नाही, कांडावं लागतं. तिथल्या जुन्या चित्रांतही धान्य उखळात कांडणारी माणसं आहेत. मी पिशवीत मूठभर खपली नेला होता, कुणाला दाखवावा म्हणून. हज्जांनी दाणा दाताखाली धरला, लांबट आकार बघितला, शेजारणीला दिला. कुणालाच ओळखीचा नव्हता. त्यांच्या घरचं पीठ दुकानातल्या पोत्याचं. इजिप्त जगातल्या सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक, आणि रशिया-युक्रेनचा गहू तिथे मोठ्या प्रमाणावर येतो. म्हणजे हात इथले, ऊन इथलं, गहू बहुधा काळ्या समुद्रापलीकडचा. रोजच्या जेवणाला रेशनचा सरकारी पाव येतो. 2024 च्या जूनमध्ये त्याचा दर पाच पियास्त्रांवरून (तिकडच्या पौंडाचे पैसे) वीस झाला, त्यावर बायकांची बरीच चर्चा चालली होती. शम्सी आठवड्यातून एकदा, मोठ्या घाण्याने.

जेवणाबद्दल थोडक्यात. गरम शम्सी, आतून जाळीदार, किंचित आंबट, खालून कोंड्याने खरखरीत. सोबत बिसारा, म्हणजे वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं कोथिंबीर घातलेलं घट्ट पिठलं, मिश नावाचं मुरवलेलं, खारट, नाकात जाणारं चीज, कच्चा कांदा. शाकाहारी माणसाचं यात पोट भरतं. मुलुखिया मात्र विचारून घ्या. दिसायला निव्वळ पालेभाजी, पण रस्सा कोंबडीचा. मिश जिभेवर बसायला दोन घास लागतात. वाटाडी त्यालाही फॅरोचं म्हणाला, आणि इथे मी त्याला अर्धे गुण देते. कैरोजवळच्या सक्कारामध्ये प्ताहमेस नावाच्या नगराध्यक्षाच्या, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या थडग्यातल्या एका मडक्यात सापडलेला पांढरा गोळा चीजच आहे, हे 2018 मध्ये तपासणीतून जाहीर झालं होतं. पण ते चीज आणि हे मिश यांचं नातं कुणी जुळवून दाखवलेलं नाही.

जी गोष्ट खरोखर, सरळ रेषेत जुनी आहे, ती वाटाड्याच्या यादीत नव्हतीच. जेवणानंतर मी सहज म्हटलं, थंडी बरीच आहे. हज्जा शाल ओढत म्हणाल्या, 'तूबा तखल्ली अस्-सबिय्या करकूबा.' तूबा महिना तरण्या पोरीची म्हातारी करतो! तूबा हा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या पंचांगातला महिना, साधारण 9 जानेवारी ते 7 फेब्रुवारी. हज्जा मुसलमान, रोजे चांद्र महिन्याने, मोबाइलवर तारीख इंग्रजी, पण शेत मात्र कॉप्टिक महिन्यांवर. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा चिमुकला तेरावा. हे गणित थेट फॅरोंच्या पंचांगातलं आहे. चार वर्षांनी एक दिवस वाढवायची दुरुस्ती तेवढी रोमनांच्या काळातली. तूत महिना थोथ देवाचा, हातूर महिना हाथोर देवीचा. देव जाऊन दीड हजार वर्षं झाली तरी पेरणीला त्यांचीच नावं.

मग काय, बायका एकेक म्हण सांगायला लागल्या. हातूर म्हणजे विखुरलेल्या सोन्याचा बाप, कारण गहू तेव्हा पेरतात. कियाक: तुझी सकाळ म्हणजेच तुझी संध्याकाळ, एवढा दिवस लहान. बरमहात: शेतात जा आणि घेऊन ये. बरमूदा: झोडप. बशन्स: शेत झाडून साफ. सगळ्या यमकात, मूळ अरबीत ऐकायला फार गोड. वाटाडी पहिल्यांदाच गप्प बसून फक्त अर्थ सांगत होता, आणि तेव्हा तो उत्तम वाटाड्या होता. त्याच्याच आईच्या तोंडी या म्हणी आहेत असं कळलं. मग सकाळपासून त्या शादूफवाल्या बादलीपाशी काय करत होतास रे बाबा?

कपाटावर मातीची एक नाजूक मानेची सुरई होती, कागदाच्या फुलांनी सजवलेली. ती नातीच्या 'सुबू'ची. बाळ सात दिवसांचं झालं की हा समारंभ: मुलगी असेल तर अशी सुरई, मुलगा असेल तर तोटीचा तांब्या. बाळाला चाळणीत निजवतात, आई त्याच्यावरून सात वेळा ओलांडते, मीठ उधळतात, आणि पितळी खलबत्ता कानाशी ठणाठणा वाजवून सांगतात: 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस!' हे हज्जांनी खल आणून करून दाखवलं, आणि खुर्चीतल्या ह्यांच्याकडे बघून आम्ही सगळ्या हसलो. जुन्या इजिप्तच्या कथांत बाळ जन्मलं की सात हाथोर देवी येऊन त्याचं नशीब सांगून जातात; सुबूचा धागा तिथवर नेतात तो यामुळे. आपल्याकडे सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, ती काय या देवींची नातेवाईक नव्हे, पण हज्जांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: 'मग तेव्हा खलबत्ता नाही वाजवत?'

दुपारी मेन्ना आणि रामोसे यांची थडगी. वेगळ्या तिकिटाचे पैसे इथे वसूल होतात. मेन्ना शेतं मोजून सारा ठरवणारा अधिकारी; त्याच्या भिंतीवर कापणी, मळणी, उफणणी, आणि सरवा वेचताना एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोन पोरी. रामोसेकडे रडणाऱ्या बायकांचा घोळका, हात वर, डोक्यावर माती घेताहेत, गालावर आसवांच्या रेघा. वाटाडी हलक्या आवाजात म्हणाला, त्याच्या आजीच्या वेळी गावातल्या बायका मयताला तोंडाला चिखल नाहीतर निळा रंग फासायच्या, मौलवींनी कितीही बजावलं तरी. विनिफ्रेड ब्लॅकमन नावाच्या इंग्रज बाई 1920 च्या दशकात वरच्या इजिप्तच्या खेड्यांत राहून हेच टिपत होत्या, आणि पेंढ्यांतल्या ओंब्यांची विणलेली 'गव्हाची नवरी' थडग्यांच्या चित्रांत शोधत होत्या. त्यांना सापडलीही. आता ती नवरी पर्यटकांच्या दुकानात जास्त दिसते.

परतीच्या बोटीत वाटाड्याने मोबाइलवर अबुल हज्जाज यांच्या उरुसाचं चित्रण दाखवलं. हे तेराव्या शतकातले सूफी संत. त्यांची मशीद लक्सॉर मंदिराच्या अंगणातच उभी आहे, आणि मंदिरातला गाळ उपसल्यामुळे तिचं जुनं दार आता हवेत लटकल्यासारखं उंचावर दिसतं. शाबान महिन्याच्या मध्यावर त्यांच्या मिरवणुकीत गाड्यांवर होड्या चढवून शहरभर फिरवतात. आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर कोरलंय ते ओपेत उत्सवाचं: अमुन देवाची होडी जवळच्या कर्नाक मंदिरातून इथे येते. होडीत देव, होडीत संत, जागा तीच. अंगावर काटा येतो खरा. पण ओपेत बंद पडल्यापासून संतांच्या काळापर्यंत मध्ये कित्येक शतकं कोरी आहेत, त्या काळात होडी कुणी ओढली याचा कागद नाही. 'अखंड परंपरा' असं वाटाड्याने म्हटलं. मी 'दाट शक्यता' एवढंच म्हणेन.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. एप्रिलनंतर दुपार सोसवत नाही. रमजानात दुपारचं जेवण मिळेल का ते आधी विचारा. बायकांनी ओढणी न्यावी, भट्टीपाशी सुती कपडे घालावेत. सहलीच्या पैशांतले घरापर्यंत किती पोचतात कोण जाणे, म्हणून निघताना बक्षिसी वेगळी काढा आणि वाटाड्याच्या नव्हे, घरच्या बाईच्या हातात द्या. पाव बांधून देतात, चार-पाच दिवस टिकतो, कडक झाला तर चहात बुडवून खा. आणि काटा मागितलात तर तोही देतात.